बिनीचा म्हणजे कितवा?

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक नववीतला क्रिकेटवेडा राहतो. परवा पेपर नाचवत वर आला. ‘काका, बिनीचा फलंदाज म्हणजे रॉजर बिन्नीसारखा का?’

हसू नका. १९७७-७८च्या रणजी हंगामात कर्नाटकाकडून केरळविरुद्ध संजय देसाई आणि बिन्नी यांनी ४५१ धावांची अभेद्य सलामी दिली होती. म्हणजे बिन्नी खरोखर बिनीचा, सलामीला येणारा, होता! पण शब्दाचा आणि त्याचा संबंध तेवढाच.

फारसीत ‘बीनी’ म्हणजे नाक. माणूस चालू लागला की नाक सगळ्यांत पुढे. तसं फौज चालू लागली की जी तुकडी सगळ्यांत पुढे, ती तिची बिनी. मराठ्यांच्या लष्करात या तुकडीकडे नुसती पहिली टक्कर नसे. बिनीवाला निशाण घेऊन पुढे निघायचा, मुक्कामाची जागा हेरायचा आणि तिथे निशाण रोवायचा. मागून येणारी छावणी त्या खुणेवर पडायची. दौलतराव शिंद्यांच्या छावणीत १८०९ साली राहिलेल्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हे सगळं पाहून लिहून ठेवलंय. निशाण लहानसं, पांढरं असे म्हणतो.

पुण्यात हे आडनाव माहीत नसलेला विरळा. विसाजी कृष्ण बिनीवाले मूळचे चिंचाळकर, पण काम आडनावाला चिकटलं. थोरल्या माधवरावांनी १७६९ मध्ये उत्तरेत पाठवलेल्या फौजेच्या सरदारांत ते होते. त्याच मोहिमेतून शहाआलम बादशहा जानेवारी १७७२ मध्ये दिल्लीच्या तख्तावर परत आला.

आता पेपरकडे येतो. हल्ली ‘बिनीचा’ हा शब्द ‘नावाजलेला’ या अर्थाने कुणालाही चिकटवतात. त्या पोराच्या हातातल्या पेपरात ‘बिनीचा यष्टिरक्षक’ होता. यष्टिरक्षक उभा राहतो यष्ट्यांच्या मागे, तो बिनीचा कसा होईल? सातव्या क्रमांकावर येऊन शतक ठोकणारा कितीही मोठा असो, तोही बिनीचा नव्हे. नवा चेंडू अंगावर घेतो, खेळपट्टी कशी आहे ते मागच्यांना कळवतो, तो बिनीचा. अगदी निशाणवाल्याचंच काम.

‘पक्षाचे बिनीचे शिलेदार’ मात्र मी चालवून घेतो, कारण आंदोलनात लाठी खायला पुढे असणारे तिथे असतातही. फक्त तो शिलेदारही लष्करीच आहे हे ध्यानात ठेवा. स्वतःचं घोडं, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. या व्याख्येने किती कार्यकर्ते शिलेदार ठरतील, हे मी त्या पोराला सांगितलं नाही.

फौजेच्या पिछाडीच्या तुकडीलाही शब्द होता, चंदावल. तो बोलण्यातून पार गेला. शेवटच्या गड्यापर्यंत झुंज देणाऱ्या तळाच्या फलंदाजांना तो काय शोभला असता!

पोराला हे पटलं, पण एक शंका उरली. ‘मग आमच्या टीममध्ये मी अकरावा येतो, मी चंदावलचा?’

म्हटलं, बिनधास्त सांग. कुणालाच कळणार नाही.