आर्किटेक्चर की शिल्पकला, आणि अकरावीला गणित ठेवायचं का

ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलगी दहावी झालीय, वह्या भरून शंख, पानं, मधमाशीचं पोळं काढते, बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलिया चर्चचे व्हिडिओ बघून आर्किटेक्ट नाहीतर शिल्पकार व्हायचं म्हणते, पण गणिताचा कंटाळा म्हणून अकरावीला आर्ट्स घ्यायचं म्हणते, आणि घरात यावरून वाद चाललेत.

माझं स्पष्ट मत, गणित सोडू देऊ नका. बी.आर्च. (आर्किटेक्चरची डिग्री) 5 वर्षांचं, त्याला बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही लागतात, वर नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर द्यावा लागतो. शिल्पकलेच्या डिग्रीला कुठल्याही शाखेची बारावी चालते, त्यामुळे सायन्स घेतलं तर दोन्ही रस्ते उघडे राहतात, आर्ट्स घेऊन गणित सुटलं की एक बंदच होतो.

आता हे तिला वाचायला द्या. तुला ते चर्च आवडतं ना, ते बांधणारा आंतोनी गौदी तांबटाचा मुलगा, वडलांना पत्रा ठोकून भांडी घडवताना बघत मोठा झाला. आतले खांब वर जाऊन झाडासारखे फुटतात ते नुसतं छान दिसावं म्हणून नाही, छताचं वजन त्या फांद्यांतून खोडात आणि खोडातून जमिनीत उतरतं. असे खांब ठरवण्याआधी बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी त्याने छताला दोऱ्या टांगल्या, त्यांना शिशाच्या छऱ्यांच्या बारक्या पिशव्या लावल्या, आणि दोऱ्यांनी जो आकार घेतला त्याचा फोटो काढून उलटा धरला, तीच कमानींची डिझाइन! त्या मॉडेलवर जवळजवळ 10 वर्षं गेली.

तूही करून बघ. भिंतीवर दोन खिळे ठोक, एक बारीक साखळी सैल टांग, फोटो काढून मोबाईल उलटा कर. साखळी फक्त ताण घेते, उलटी केली की त्याच रेषेतून फक्त दाब जातो, आणि दगड-वीट दाब मस्त सहन करतात पण ताणाला तडकतात. मग मधे एखादं कुलूप अडकव, आकार कसा बदलतो ते वहीत काढ. हे गणितच आहे गं, फक्त पुस्तकातल्यासारखं दिसत नाही. शंख हुबेहूब काढता येणं भारीच आहे, पण तो वाढताना आकार तोच राहतो आणि माप वाढत जातं, हे कसं होतं ते शोधायला लागलीस की तू डिझाइनर व्हायला लागलीस.

ताई, शिल्पकला की आर्किटेक्चर हे आत्ता ठरवू नका, दोन वर्षांत तिचं तिला कळेल. मातीकाम करू द्या, शाडूची माती स्वस्त मिळते, आणि इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा राहिली असेल तर देऊन टाकू दे. गणिताला एकटीने बसवत नसेल तर चांगला क्लास लावा, पण भूमितीपासून सुरुवात करणारे सर बघा.