व्हर्मीलची मधली दोन वर्षं

"ताई, आता थांबलो तर संपलो." समुपदेशनाच्या कामात चाळिशी ओलांडलेल्या माणसांकडून हे वाक्य मी नेहमी ऐकते. बँकेतले अधिकारी, कारखानदार, डॉक्टर, सगळ्यांचं हेच. या वेळी म्हणणारे गृहस्थ फिलाडेल्फियाजवळच्या उपनगरात राहणारे, मूळ सांगलीकडचे, सॉफ्टवेअरमधले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आम्ही व्हिडिओवर भेटायचो. त्यांच्याकडे सकाळ, माझ्याकडे संध्याकाळ.

वेळ घेतली होती ती त्यांच्या बायकोने. "हे बेसमेंटमधल्या सोफ्यावरच झोपतात, पुण्याच्या टीमचे कॉल रात्री दोनला असतात म्हणून. मुलाच्या मॅचला आले तरी कानात हेडसेट." स्वतः गृहस्थांची तक्रार वेगळी होती. काम करावंसं वाटत नाही, पण सोडवतही नाही. छातीत भरून येतं, पोरावर उगाच खेकसणं होतं.

अशा वेळी मी आधी डॉक्टरकडे पाठवते. हृदय, थायरॉइड, झोप हे तपासून घेतल्याशिवाय सगळं कामाच्या ताणावर ढकलू नये. जगणं नकोसं वाटतं का, हेही आडपडदा न ठेवता विचारते. तसं काही नव्हतं. उरला तो बर्नआउट. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याला कामाशी निगडित अवस्था म्हटलं, आजारांत धरलं नाही. शक्ती संपणं, कामाबद्दल मन विटणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं, ही त्याची तीन अंगं. तिन्ही इथे हजर होती.

मग एके दिवशी तेच म्हणाले, "आमच्या ईगल्सचा, म्हणजे फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, एक कोच होता, डिक व्हर्मील. त्याने सगळं सोडलं, चौदा वर्षांनी परत आला आणि सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, जिंकला. मीही देतो राजीनामा." थांबलो तर संपलो, इथून एकदम थांबलो की जिंकलो! मला अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण माणूस उदाहरण देतो तेव्हा त्यातला कुठला भाग गाळतो, हे बघण्यासारखं असतं, म्हणून मी वाचून काढलं.

व्हर्मील कॅलिफोर्नियातल्या कॅलिस्टोगाचा, जन्म 1936 चा. घरामागे वडिलांचं गॅरेज, पोरगा तिथेच राबत वाढला. हायस्कूलच्या संघांपासून सुरुवात करून तो लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि 1 जानेवारी 1976 ला रोझ बोल या विद्यापीठ संघांच्या मानाच्या सामन्यात त्याच्या संघाने तोवर अपराजित असलेल्या ओहायो स्टेटला 23–10 असं हरवलं. त्याच वर्षी ईगल्सनी त्याला बोलावलं. संघ दहा वर्षं रडतखडत चाललेला. व्हर्मीलने चाचणी घेऊन तिशीतला व्हिन्स पापाली हा बारमध्ये काम करणारा माणूस संघात घेतला. पहिल्या वर्षी चार विजय, दहा पराभव. 1980 च्या मोसमात बारा विजय, आणि सुपर बोल. तिथे ओकलंड रेडर्सनी 27–10 असं हरवलं.

हे सगळं कशाच्या जोरावर? स्टेडियममधल्या ऑफिसात त्याने खाट टाकली होती. आठवड्यातल्या कित्येक रात्री घरी न जाता तिथेच झोपायचा, सामन्यांच्या फिल्मी परत परत बघत. 1982 चा मोसम संपल्यावर, सेहेचाळिसाव्या वर्षी, त्याने बर्नआउटचं कारण उघडपणे सांगून पद सोडलं. त्या काळी, त्या खेळात, ही साधी गोष्ट नव्हती. पुढे तो टीव्हीवर समालोचन करत राहिला.

1997 मध्ये तो सेंट लुइस रॅम्सचा प्रशिक्षक झाला. इथून आमचे गृहस्थ थेट सुपर बोलवर उडी मारायचे. मी म्हटलं, "आणि मधली दोन वर्षं?" 1997 मध्ये पाच विजय, अकरा पराभव. 1998 मध्ये चार विजय, बारा पराभव. लांबलचक, अंगावर येणारे सराव, आणि खेळाडूंची कुरकुर. एवढ्या विश्रांतीनंतरही माणूस काम त्याच जुन्या पद्धतीने करत होता.

बदल झाला 1999 मध्ये. सराव आखूड केले. आक्रमणाची बाजू माइक मार्ट्झ या नव्या साहाय्यकाकडे दिली. मोसम सुरू होण्याआधीच मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा खेळाडू, ट्रेंट ग्रीन याचा गुडघा गेला, तेव्हा व्हर्मीलने भरल्या डोळ्यांनी सांगितलं, की आम्ही कर्ट वॉर्नरच्या पाठीशी उभे राहू आणि चांगलं खेळू. हा वॉर्नर एके काळी आयोवातल्या किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावायचा. त्या मोसमात तेरा विजय, तीन पराभव. अंतिम सामना 30 जानेवारी 2000 ला, अटलांटात. शेवटच्या क्षणी प्रतिस्पर्धी टेनेसीचा केव्हिन डायसन गोलरेषेपासून एका यार्डावर असताना रॅम्सच्या माइक जोन्सने त्याला पाडलं. रॅम्स 23–16 ने जिंकले. त्या क्षणी त्रेसष्ट वर्षांचा व्हर्मील रेषेबाहेर उभा राहून फक्त बघू शकत होता.

गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या आप्पांचंही वर्कशॉप होतं. दुसऱ्याने लावलेला नट ते पुन्हा खोलून आवळायचे." दोघं हसलो. आता बोलणं पुढे सरकणार होतं.

राजीनाम्याबद्दल मी त्यांना एकच सांगितलं. व्हर्मीलला कुणी देश सोडायला सांगणार नव्हतं. एच-1बी व्हिसावर नोकरी सुटली की नवी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. परदेशातल्या आपल्या कितीतरी घरांत 'थांबलो तर संपलो' मागे हा हिशेब असतो आणि तो खोटा नसतो. "थोडा ब्रेक घ्या ना" असं त्यांना हसत सांगणाऱ्या सल्लागारांचा मला राग येतो. वकिलाशी आणि कंपनीच्या एचआरशी बोलल्याशिवाय काहीही लिहून देऊ नका, असं म्हटलं. अमेरिकेत गंभीर आजारपणासाठी वर्षात बारा आठवड्यांची बिनपगारी रजा कायद्याने मिळू शकते, त्यात आपण बसतो का हे त्यांनी विचारून घेतलं.

मग स्क्रीनवर त्यांचं कॅलेंडर उघडलं. रात्रीच्या प्रत्येक कॉलपुढे एकच प्रश्न: तुम्ही नसाल तर नेमकं काय अडेल? बहुतेक ठिकाणी उत्तर आलं, "काही नाही, पण मला चैन पडणार नाही." पुण्याची टीम लीड मुलगी जो तक्ता संध्याकाळी पाठवायची, तो हे पहाटे बसून पहिल्यापासून पुन्हा भरायचे. तिने हे ओळखलं होतं, म्हणून तीही तो अर्धवट पाठवायची. आधी तो तक्ता बंद केला. नंतर गुरुवारचा कॉल तिच्याकडे गेला. पहिल्याच महिन्यात तिची एक चूक झाली आणि रिलीज एक दिवस लांबलं. त्या दिवशी सकाळी त्यांचा मला मेसेज: "बघा, म्हटलं होतं ना!" मी विचारलं, क्लायंट काय म्हणाला? क्लायंट म्हणाला होता, सोमवारी चालेल.

मंगळवारचा कॉल अजून ते स्वतःच घेतात. त्यावर आमचा वाद चालू आहे.