आई-मुलीच्या नात्यावरचा, उगाच न दचकवणारा एखादा सायकॉलॉजिकल हॉरर सुचवाल का?

उगाच दचकवणारा नको म्हणालात, म्हणून पहिलं नाव 'रेलिक'. २०२० चा ऑस्ट्रेलियन सिनेमा, दिग्दर्शिका नाताली एरिका जेम्स हिचा पहिलाच. लांबी जेमतेम दीड तास.

एकटी राहणारी म्हातारी एडना बेपत्ता होते. तिची मुलगी के आणि नात सॅम मेलबर्नहून तिच्या घरी येतात, तर घरभर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. गोळ्या घे वगैरे नेहमीच्या, आणि त्यातच एक: 'त्याच्या मागे जाऊ नकोस'. पुढे एके सकाळी एडना स्वयंपाकघरात उभी दिसते, चहा करत, जसं काही झालंच नाही. इतके दिवस होतीस कुठे, याचं धड उत्तर ती काही देत नाही.

मला सगळ्यात जास्त हादरवलं ते अंगठीच्या प्रसंगाने. आजी आपल्या हाताने नातीला अंगठी देते. नंतर तीच अंगठी तिच्या बोटात बघून 'चोरलीस' म्हणत अंगावर धावून येते आणि ओरबाडून काढून घेते. भूत नाही की काही नाही. पण आजी आता कोणत्या क्षणी कोण असेल याचा भरवसा गेला, की मग त्या घरात साधी बेडरूमही नकोशी वाटते. दिग्दर्शिकेच्या जपानमधल्या आजीला अल्झायमर होता आणि एका भेटीत तिने नातीला ओळखलंच नाही, तिथून ही गोष्ट सुचली. ते जाणवतं. शेवटाकडे घरच चकव्यासारखं वागू लागतं, वाटा फिरून तिथेच येतात, छत खाली खाली येतं. काहींना हा भाग ताणलेला वाटतो. मला तो एडनाच्या डोक्यात शिरल्यासारखा वाटला.

शेवट सांगत नाही. एवढंच, की किळस आणि माया एकाच वेळी वाटेल असं दृश्य मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आई, मुलगी, नात हा क्रम तिथे नीट लक्षात ठेवा.

हे फार संथ वाटलं तर अनीश चगंटीचा 'रन' बघा, तोही २०२० चाच. व्हीलचेअरवरची मुलगी आणि तिची अति काळजी घेणारी आई. एका गोळीच्या डबीवर मुलीला आईचं नाव दिसतं, तिथून संशयाला सुरुवात. घरातलं इंटरनेट बंद, म्हणून ती फोनवर एका अनोळखी माणसाला गळ घालून त्या औषधाची माहिती शोधायला लावते. तो प्रसंग जमून आलाय. मुलीचं काम करणारी किएरा ॲलन प्रत्यक्षातही व्हीलचेअर वापरते. हा मात्र सरळ थ्रिलर आहे, 'रेलिक'सारखा मनात रेंगाळत नाही.

आणि हो, घरात कोणाला सध्या स्मृतिभ्रंशाचा त्रास असेल तर 'रेलिक' आत्ता नका बघू.