कोल्हापूर ते रत्नागिरी, पहिल्यांदाच निघालायस तर

चार दिवस असतील तर कोल्हापुरात एकच मुक्काम कर. पहाटे अंबाबाईचं दर्शन, मग मिसळ, आणि दुपारच्या आत पन्हाळा. पावसाळ्यात पन्हाळा-पावनखिंड चालणार असशील तर कोरे करकरीत बूट घालू नकोस. मी घातले होते. दुसऱ्या दिवशी टाचेचं सालटं निघालेलं, उरलेली वाट लंगडत. जुनेच बूट बरे, तळाला खोल खाचा असलेले. जळवांसाठी मिठाची पुरचुंडी खिशात, सॅकच्या तळाशी नको. आंबा घाट उजेडात उतर, धुक्यात पुढच्या गाडीचा दिवाही दिसत नाही. रत्नागिरीत थिबा राजवाडा बघच. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा १९१६ साली इथेच वारला. भाट्याच्या समुद्रकिनारी मात्र पावसात पाण्यात उतरायचं नाही. गुडघाभरसुद्धा.