जेटीवर मोटरहोमचं मागचं टोक का घासतं

अलिबाग ते रत्नागिरी किनाऱ्याच्या रस्त्याने, सोबत आजी-आजोबा आणि दोन मुलं, भाड्याची मोटरहोम (राहायची सोय असलेली गाडी), शेवटी थिबा राजवाडा. त्यात पहिल्याच जेटीवर सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह तुटला, आता पुढच्या फेरीबोटी घ्याव्यात का, असं तुम्ही विचारलंय. आमचाही तिथेच तुटला होता, म्हणून सविस्तर लिहिते.

घ्या, पण ओहोटीला नको. जेटीचा उतार खाली जातो आणि बोटीचा रॅम्प वर चढतो, दोन्ही मिळून मध्ये खळगा होतो. मागची चाकं त्या खळग्यात आली की चाकांमागे लोंबणारा भाग जेटीवर टेकतो. गाडीची उंची सगळे विचारतात, हे मोजमाप कोणी विचारत नाही. मागच्या चाकाच्या मध्यापासून सगळ्यात खाली लोंबणाऱ्या वस्तूपर्यंतचं अंतर मोजा, मग तिची जमिनीपासूनची उंची. समजा 150 सेंमी आणि 30 सेंमी. म्हणजे मागचा भाग न टेकता साधारण 11 अंशांपर्यंतचा कोन झेपतो. जेटीचा उतार आणि रॅम्पचा चढ यांची बेरीज त्याहून जास्त झाली, की घासणारच. ओहोटीला वाहन जेटीच्या खालच्या, शेवाळलेल्या भागापर्यंत उतरवावं लागतं, चाकंही घसरतात.

वेळेचा हिशेब किनाऱ्यावरची माणसं तिथीवरून करतात: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला 3 च्या सुमारास भरती, सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास उधाणाची भरती असते, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी पाच-सहाला पाणी सगळ्यात खाली. अष्टमीला भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी, तेव्हा पाण्याच्या पातळीतला फरक कमी असतो. हा अंदाज आहे, नक्की वेळ जेटीवरच्या माणसांना विचारा.

चढण्याआधी स्वच्छ पाण्याची आणि सांडपाण्याची, दोन्ही टाक्या रिकाम्या करा (खाडीत नाही, कृपया). 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो, तेही अनेकदा मागच्या अॅक्सलच्या मागे, म्हणजे पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगा) दबून गाडी मागे खाली बसते. माणसं उतरवा, गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद. टायरच्या रुंदीच्या, 5 सेंमी जाड दोन फळ्या खळग्यात चाकांखाली द्या. त्याने वरच्या हिशेबात साधारण 13 अंश मिळतात. एकाने मागे वाकून बघत राहायचं, आणि क्लच सोडून झटका द्यायचा नाही.

आमचं सगळ्यात जास्त नुकसान भाड्याच्या ऑफिसने केलं. "सगळीकडे जाते" असं सांगून गाडी दिली, मागची उंची कागदावर नाही, आणि तुटल्यावर अनामत कापली. गाडी खालून मोजायची तीही ताब्यात घेताना, त्यांच्यासमोर, फोटो काढून. ह्यात संकोच करू नका. तुमच्या करारात काय लिहिलंय ते मला माहीत नाही, पण खालच्या भागाचं नुकसान विम्यात येतं का, हे लेखी घ्याच.

अजून आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेशवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड यांपैकी ज्या उरल्या असतील, त्या प्रत्येकीसाठी हे परत बघा, जेटीगणिक उतार बदलतो. पाणी फार खाली असेल तर दाभोळला थांबा, चिपळूणमार्गे लांबचा फेरा घेण्यापेक्षा दोन-तीन तास परवडतात. गाडी पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूत) अजिबात नेऊ नका.

थिबा राजवाडा सोमवारी बंद असतो, म्हणून सोमवार सोडून आखा. 1885 मध्ये पदच्युत झालेल्या ब्रह्मदेशाच्या राजाची 1910 साली पूर्ण झालेली ही वास्तू, आत संग्रहालय. मुलांना कोरीव लाकडी खिडक्या जवळून दाखवा. आजी-आजोबांना जिने झेपत नसतील तर वरचा मजला सोडा. सकाळीच जा. बंद मोटरहोम उन्हात भट्टीसारखी तापते, तेव्हा छताची झडप उघडी ठेवा आणि इन्सुलिनसारखी औषधं आत ठेवू नका.

तुटलेल्या व्हॉल्व्हसाठी: रत्नागिरीत प्लंबिंगच्या दुकानात त्याच मापाचा पीव्हीसी बॉल व्हॉल्व्ह मिळायला हवा. आडवा बसवा, खाली लोंबता नको.