दिल्लीची संग्रहालयं पहिल्यांदा बघताना

अगं, बेळगावातनं गोवा एक्स्प्रेसनं निघालीस की थेट निजामुद्दीनला उतरशील, त्याची काळजी नको. पण सोमवार तेवढा टाळ. आम्ही पहिल्यांदा नेमके सोमवारी गेलो आणि जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या बंद फाटकावरनं पोरांना घेऊन परतलो. फार वाईट वाटलं.

एका दिवसात एकच मोठं संग्रहालय धर. राष्ट्रीय संग्रहालयात सकाळी दार उघडताच जा आणि पाय ताजे आहेत तोवर हडप्पा दालन गाठ. मोहेंजोदडोची ती नर्तकी तिथंच आहे. फोटोत बघून मला ती हातभर उंच वाटायची. प्रत्यक्षात जेमतेम साडेदहा सेंटिमीटर! काशाची, साडेचार हजार वर्षांपूर्वीची. काचेजवळ वाकून तिचा डावा हात बघ, दंडापर्यंत बांगड्याच बांगड्या. आपल्याकडं नवरीला चुडा भरतात ना, तेच आठवलं मला. उजवा हात कमरेवर, हनुवटी वर. मी तिथं अर्धा तास उभी होते, तूही घाई करू नकोस.

मग उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवा गावी सापडलेल्या बुद्धांच्या अस्थी बघ, तिथं शांत बसता येतं. बाकीची दालनं जमतील तशी.

पोरं कंटाळली तर दुसऱ्या दिवशी चाणक्यपुरीतलं रेल्वे संग्रहालय. जुनी वाफेची इंजिनं उघड्यावर उभी आहेत, मुलं हरखून जातात. तेही सोमवारी बंदच. आणि ओळखपत्र पर्समध्ये वरच ठेव.