रीडमी लिहू की पायथन शिकू?

तुझं पत्र वाचून आधी हसूच आलं, कारण तक्रार अगदी खरी आहे. केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, पुढे सिंथेसिसमध्ये जायचंय, आणि या सेमिस्टरला मॅडमनी प्रॅक्टिकलच्या रिपोर्टसोबत रॉ डेटाचा फोल्डर, ठरलेल्या पद्धतीची फाइलनावं आणि वर एक रीडमी, म्हणजे फोल्डरमध्ये काय काय आहे ते सांगणारी छोटी फाइल, मागितलीय. तू विचारतेस, ही कारकुनी करत बसू की सरळ पायथनचा, म्हणजे प्रोग्रॅमिंगचा, कोर्स लावू?

पायथन शीकच गं. पण त्याला खायला काय घालणार, 'फायनल२_नवीन' नावाच्या फाइली?

माझंच सांगते. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी यूव्हीचे ढीगभर स्पेक्ट्रा (कुठला प्रकाश किती शोषला गेला त्याचे आलेख) काढले आणि नावं दिली 'नवीन', 'नवीन २', 'बरोबरवाला'. तीन महिन्यांनी लिहायला बसले तर ब्लँक (तुलनेसाठी मोजलेला नुसता सॉल्व्हंट) इथेनॉलचा होता की पाण्याचा हेच कळेना, वहीत नुसतं 'ब्लँक घेतला'. आठवडाभर सगळं परत करत बसले. आणि हे दुसऱ्या कुणामुळे नाही, माझ्यामुळेच.

तुला सिंथेसिस करायचंय म्हणजे एनएमआरशी, रेणूची रचना ओळखायच्या मशीनशी, रोज गाठ. बरेच जण स्पेक्ट्रमची पीडीएफ ठेवतात आणि मूळ फोल्डर उडवतात. मशीन मोजतं ते एफआयडी, म्हणजे हळूहळू विरत जाणारा कच्चा सिग्नल; आपल्याला दिसणारे पीक त्यावर फूरियर ट्रान्सफॉर्म हे गणित करून, फेज आणि बेसलाइन सुधारून आलेले असतात. उद्या गाइडने म्हटलं की हे इंटिग्रेशन (पीकखालचं क्षेत्रफळ) पटत नाही, फेज परत कर, तर पीडीएफपुढे हात जोडण्यापलीकडे काही करता येत नाही. म्हणून अख्खा फोल्डर जप, सॉल्व्हंट कुठला होता तेही लिही.

एक्सेलचा तर वेगळाच त्रास. डायक्लोरोमिथेनचा कॅस नंबर (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) ७५-०९-२ टाकलास की ते त्याची तारीख करून टाकू शकतं, आणि एकदा सेव्ह झालं की मूळ आकडा गेलाच, त्यामुळे टाइप करायच्या आधीच तो कॉलम टेक्स्ट करून ठेव. फाइलनावात तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिही, फाइली आपोआप क्रमाने लागतात.

आता करिअरचं. निव्वळ डेटा मॅनेजमेंटच्या नोकऱ्या आहेत, पण थोड्या, आणि तिथे बहुतेक वरची डिग्री लागते, त्यामुळे आत्ता त्यासाठी महागडं सर्टिफिकेट घेऊ नकोस. पण फार्मा क्यूसीत, म्हणजे औषधांच्या गुणवत्ता तपासणीत, गेलीस तर अल्कोआ हा शब्द पहिल्याच आठवड्यात कानावर येईल: नोंद कुणी केली ते कळावं, ती वाचता यावी, काम करतानाच केलेली असावी, मूळ असावी, अचूक असावी. मॅडम जे मागताहेत त्यात यातलंच बरंचसं आहे की! रिसर्चला गेलीस तर २०१६ मध्ये मांडलेली फेअर तत्त्वं भेटतील, म्हणजे डेटा सापडावा, मिळवता यावा, दुसऱ्या डेटाशी जुळावा, परत वापरता यावा. पाठ करायची गरज नाही.

या आठवड्यात एवढंच कर. तुझा टायट्रेशनचा फोल्डर बेंचवरच्या जोडीदाराला दे, तोंडाने काही सांगू नकोस, आणि त्याला नॉर्मॅलिटी काढायला सांग. तो जिथे जिथे अडून तुला विचारेल, इंडिकेटर कुठला, रीडिंग कुठल्या ब्युरेटचं, स्टँडर्ड कधी बनवलं, तेवढं रीडमीत घाल आणि मॅडमना दे.